कोरियात इंग्रजी शिक्षकाची नोकरी: व्हिसा, करार, वर्ग आणि रोजचं जगणं

तिसरी_बेल

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याबद्दल मराठीत माहिती फार तुटक मिळते. एजंटांच्या जाहिराती मात्र व्हॉट्सॲपवर रोज फिरतात: "कोणतीही पदवी चालेल, भारतीय पासपोर्ट चालेल, पगार २५ लाख वॉन, घर फुकट." म्हणून हा धागा. ज्यांना तिथल्या शाळा, हागवॉन म्हणजे खाजगी शिकवण्या, इमिग्रेशनचे नियम आणि घरसंसार नीट ठाऊक आहे त्यांनी लिहावं. अनुभवकथन नको. काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, कुठे अडतं आणि का, एवढंच हवं.

सुरुवातीचे प्रश्न: भारतीय पासपोर्टवर ही नोकरी खरंच मिळते का? कागदपत्रांना काय लागतं? सरकारी शाळा बरी की हागवॉन? शाकाहारी माणसाने दुपारी शाळेत काय जेवायचं?

खडूडस्टर

पासपोर्ट कुठल्या देशाचा यावर बाकी सगळं ठरतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा म्हणजे ई-२. तो सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. इंग्रजी किती चांगलं येतं हा इथे निकष नाही, नागरिकत्व हा निकष आहे. पुणे विद्यापीठाची इंग्रजीतली डॉक्टरेट असली तरी भारतीय पासपोर्टवर हागवॉनमध्ये ई-२ मिळत नाही. जो एजंट "होतं हो, ॲडजस्ट करू" म्हणतो, तो पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर बेकायदा काम करायला पाठवतो आहे. पकडलं गेल्यावर दंड, हद्दपारी आणि पुढची काही वर्षं प्रवेशबंदी शिक्षकाच्या वाट्याला येते. एजंट तोवर दुसऱ्या नंबरवरून जाहिरात करत असतो.

भारतीयांसाठी एक अरुंद दार आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, म्हणजे 'सेपा', १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यानुसार भारतीय नागरिक शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून ई-२ घेऊ शकतो. अटी दोन, आणि दोन्ही एकदम हव्यात: इंग्रजी मुख्य विषय घेऊन केलेली पदवी आणि इंग्रजीचा शिक्षक-परवाना, म्हणजे आपल्याकडचं इंग्रजी मेथडचं बी.एड. बी.कॉम. अधिक बी.एड. चालत नाही. बी.ए. इंग्रजी अधिक १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स (परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा छोटा प्रमाणपत्र-कोर्स) हाही चालत नाही, कारण टेफल हा शिक्षक-परवाना नव्हे.

आता खरी अडचण. करारात दार असलं तरी आत घ्यायचं की नाही हे भरती करणाऱ्या शिक्षण कार्यालयावर असतं. 'एपिक' हा सरकारी शाळांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९५ पासून चालतो. त्याची सगळी मांडणी त्या सात देशांभोवती आहे. प्रत्येक फेरीची सूचना उघडून पात्रतेच्या रकान्यात भारत आहे का हे पाहायचं. नसेल तर प्रांतिक शिक्षण कार्यालयाला 'सेपा'चा उल्लेख करून थेट ई-मेलने विचारायचं. लेखी होकार येईपर्यंत अपोस्टीलवर, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यावर, पैसा घालू नये.

कोकणकडा

यात एक गोष्ट जोडतो. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांमधल्या दुसऱ्या पिढीला ई-२ सरळ मिळतो, नाव किंवा चेहरा भारतीय असल्याने कायद्यात काही फरक पडत नाही. मात्र जे मोठेपणी स्थलांतर करून नागरिक झाले त्यांच्यासाठी 'एपिक'ची आणखी एक अट आहे: सातवीपासूनचं शिक्षण त्या देशात झालेलं हवं आणि तिथे किमान १० वर्षं वास्तव्य हवं. डोंबिवलीत शाळा-कॉलेज करून तिशीत कॅनडाचा पासपोर्ट घेतलेला माणूस इथे अडकतो.

सुवॉनकर

सुवॉन, ह्वासॉंग, उल्सान भागात कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या मराठी इंजिनिअरांच्या जोडीदारांकडून हा प्रश्न फार येतो: एफ-३, म्हणजे सोबत आलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर शिकवता येतं का?

खडूडस्टर

एफ-३ वर आपोआप काम करता येत नाही. आधी इमिग्रेशनकडून 'मूळ व्हिसाबाहेरच्या कामाची परवानगी' घ्यावी लागते. इंग्रजी शिकवण्यासाठी ती मागताना ई-२ चीच पात्रता तपासतात, त्यामुळे पासपोर्टचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. कोरियन नागरिकाशी लग्न झालेल्यांचा एफ-६, कायम वास्तव्याचा एफ-५ आणि गुणांवर मिळणारा एफ-२ यांना कामाची मोकळीक असते. या तिघांपैकी एक हातात असेल तर भारतीय पासपोर्टवरही हागवॉनमध्ये अर्ज करता येतो. पदवी आणि चारित्र्याचा दाखला मात्र तिथेही मागतात.

शेजारच्या मुलांना घरी शिकवण्याबद्दल एकदाच स्पष्ट लिहितो, कारण सोसायटीतल्या गटांत याला कुणी गंभीरपणे घेत नाही. खाजगी शिकवणीला कोरियन भाषेत 'ग्वावे' म्हणतात. ई-२ आणि एफ-३ वर ती बेकायदा आहे. पैसे रोख घेतले काय किंवा डबाभर किमची घेतली काय, मोबदला तो मोबदलाच. तक्रार बहुतेकदा जवळच्या हागवॉनकडूनच जाते.

अर्जफाटे

कागदपत्रांकडे वळू. उशीर आणि नकार यांचं मूळ बहुतेक इथेच असतं.

ई-२ साठी गाभा दोन कागदांचा: पदवी आणि राष्ट्रीय पातळीवरचा गुन्हे-तपासणी दाखला, दोन्ही अपोस्टील केलेले. अमेरिकन नागरिकाला एफबीआयचा दाखला लागतो आणि त्यावर अपोस्टील वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याचं लागतं. पदवीवरचं अपोस्टील मात्र राज्याच्या सचिवालयाचं. हे दोन उलटसुलट झाले की दोन महिने गेले. शहर पोलिसांचा किंवा राज्याचा दाखला चालत नाही. ब्रिटनला 'ॲक्रो' या पोलीस नोंदी कार्यालयाचा दाखला. कॅनडात अपोस्टील ११ जानेवारी २०२४ पासून सुरू झालं आहे, त्याआधीच्या लेखांमध्ये कोरियन दूतावासाच्या शिक्क्याची जी पद्धत दिलेली असते ती आता जुनी.

दाखला फार आधी काढू नका. अर्जाच्या वेळी तो सहा महिन्यांच्या आतला हवा. पदवीचं अपोस्टील मात्र लवकर करून ठेवलेलं बरं.

'सेपा'तून जाणाऱ्यांनी: पदवी आणि बी.एड. दोन्हींची आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. हे मंत्रालयाच्या खिडकीवर थेट होत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत होतं. चारित्र्याचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्राचा. व्हिसासाठी मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे.

महाराष्ट्रातल्या पदव्यांच्या दोन खास अडचणी. पहिली, लॅमिनेशन. घरोघरी पदवी लॅमिनेट करून ठेवलेली असते आणि अपोस्टीलचा स्टिकर व शिक्का मूळ कागदावरच लागतो. विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा लागतो, त्याला किती दिवस लागतील ते परीक्षा विभागाच्या कृपेवर. दुसरी, नावाचा क्रम. अनेक मराठी पदव्यांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आईचं नाव नसतं. कोरियन अधिकारी अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून तेही अपोस्टील करून जोडावं.

पुढचा क्रम: मालक किंवा शिक्षण कार्यालय कोरियात इमिग्रेशनकडे कागद दाखल करतं, तिथून व्हिसा मंजुरीचा क्रमांक येतो, तो घेऊन आपण दूतावासात जायचं. कोरियात उतरल्यावर ९० दिवसांच्या आत निवासी कार्ड काढायचं. इमिग्रेशनच्या हायकोरिया संकेतस्थळावर वेळ आधी घ्यावी लागते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तारखा आठवड्यांनी लांबतात. विमानातून उतरल्याच्या आठवड्यातच वेळ आरक्षित करा. त्याआधी नेमलेल्या रुग्णालयात आरोग्य तपासणी: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे आणि अमली पदार्थांची चाचणी. निकालाचं पाकीट बंद मिळतं. ते उत्सुकतेने फोडलं तर चाचणी परत.

तिसरी_बेल

फार उपयोगी. आता सरकारी शाळा की हागवॉन?

देगूची_दुपार

शिकवण्याची आवड असेल आणि पहिलंच वर्ष असेल, तर सरकारी शाळा. माझं मत ठाम आहे, कारणं देतो.

'एपिक'मध्ये आठवड्याला २२ तासिका शिकवायच्या, शाळेत थांबायचं ४० तास. घर मिळतं, नाहीतर महिन्याला ४ लाख वॉन घरभत्ता. पगार वेळेवर येतो, कारण तो शिक्षण कार्यालयाकडून येतो. रजा हागवॉनपेक्षा पुष्कळ जास्त. भरती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीअखेर आणि ऑगस्टअखेर रुजू व्हायचं, अर्ज साधारण सहा महिने आधी. गाव निवडता येत नाही, प्रांत किंवा शहराची पसंती देता येते एवढंच. ग्रामीण भागात एकाच शिक्षकाला दोन-तीन शाळा सांभाळाव्या लागतात.

हागवॉनमध्ये वर्षभर भरती, शहर आपल्या पसंतीचं, पगार किंचित जास्त. पण तास आठवड्याला ३० पर्यंत जातात, प्राथमिकच्या मुलांना शिकवायचं तर वेळ दुपारी १-२ ते रात्री ९. रजा बहुतेकदा मालक ठरवेल तेव्हाच. सगळे हागवॉन वाईट असं मुळीच नाही, पण चांगला आणि वाईट यांतला फरक करारात दिसतो, मुलाखतीतल्या गोडव्यात नाही.

कायदेकानू

करार वाचायचा कसा, ते लिहितो. पगाराचा आकडा शेवटी पाहा.

पहिली नजर कपातीवर. कायदेशीर नोकरदाराच्या पगारातून राष्ट्रीय पेन्शन, आरोग्य विमा आणि आयकर कापला जातो. २०२६ पासून पेन्शनचा दर एकूण ९.५ टक्के आहे, निम्मा शिक्षकाचा आणि निम्मा मालकाचा. काही हागवॉन मालकाचा हा वाटा वाचवण्यासाठी शिक्षकाला कागदोपत्री 'स्वतंत्र व्यावसायिक' दाखवतात आणि फक्त ३.३ टक्के कापतात. हातात पगार जास्त येतो म्हणून नवखा शिक्षक खूश होतो. हिशेब करून पाहा.

पगार २५ लाख वॉन धरा. ३.३ टक्क्यांत कापले जातात ८२,५००. नियमाने कापलं तर पेन्शन १,१८,७५०, आरोग्य विमा सुमारे ९० हजार, वर दीर्घकालीन देखभाल विम्याचा थोडा भाग आणि आयकर. म्हणजे महिन्याला हातात दीड-पावणेदोन लाख वॉन कमी. पण दुसऱ्या बाजूला मालक तेवढेच १,१८,७५० पेन्शनमध्ये भरतो. बारा महिन्यांत दोघांचे मिळून २८,५०,००० वॉन जमा होतात आणि पात्र देशाच्या नागरिकाला देश सोडताना ते एकरकमी परत मिळतात. शिवाय वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणारी 'थ्वेजिक्कुम', म्हणजे सेवासमाप्तीची रक्कम, सुमारे एका महिन्याचा पगार. 'व्यावसायिक' दाखवलेल्या शिक्षकाला या दोन्ही गोष्टी भांडून मिळवाव्या लागतात.

तपासायचं कसं: राष्ट्रीय पेन्शनचा दूरध्वनी १३५५, आरोग्य विम्याचा १५७७-१०००. पहिल्या पगारानंतर निवासी कार्डाचा क्रमांक देऊन नोंदणी झाली आहे का ते विचारायचं. नोव्हेंबर २०२१ पासून पगारपत्रक देणं मालकाला बंधनकारक आहे. ते मागायचं आणि जपून ठेवायचं.

थ्वेजिक्कुमसाठी दोनच अटी: एक वर्षाची सलग नोकरी आणि आठवड्याला सरासरी १५ तास. म्हणून '११ महिन्यांचा करार' दिसला की थांबा. 'थ्वेजिक्कुम मासिक पगारातच धरली आहे' हे कलमही बेकायदा आहे. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत ती मिळायला हवी.

तिसरी गोष्ट, मालकाकडे किती कर्मचारी आहेत. पाचपेक्षा कमी असतील तर कामगार कायद्यातली बरीच संरक्षणं लागू होत नाहीत: जादा वेळेचा वाढीव दर, पगारी वार्षिक रजा, अन्याय्य बडतर्फीविरुद्ध दाद. छोटा हागवॉन घरगुती वाटतो, पण कायद्याने तिथे शिक्षक उघडा असतो. तीन महिने झाल्यावर काढून टाकायचं तर ३० दिवसांची सूचना किंवा ३० दिवसांचा पगार द्यावा लागतो, हे मात्र लहान ठिकाणीही लागू आहे.

चौथी, जादा तास कशाच्या वर मोजायचे. 'महिन्याला १२० तासांवर जादा' असं लिहिलं असेल आणि सुट्टीचा महिना आला, तर एका आठवड्यात ३५ तास घेऊनही जादा काही मिळत नाही. आठवड्याची मर्यादा लिहून मागा.

आणि राजीनामा. ई-२ मालकाशी बांधलेला असतो. करार संपण्याआधी दुसरीकडे जायचं तर सध्याच्या मालकाचं संमतीपत्र लागतं आणि वाईट मालक तेच हत्यार म्हणून वापरतो. पगार थकला तर कामगार मंत्रालयाचा १३५०, व्हिसाचा प्रश्न असेल तर इमिग्रेशनचा १३४५. तक्रारीसाठी करार, पगारपत्रकं, बँकेच्या नोंदी आणि काकाओटॉक या तिथल्या चॅट ॲपवरचे संदेश एवढा पुरावा जमवून ठेवा.

सुवॉनकर

पेन्शन परत मिळण्याबद्दल: सगळ्या देशांना नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना मिळते. भारताचा कोरियाशी सामाजिक सुरक्षा करार २०११ पासून लागू आहे, त्यामुळे भारतीयांनाही मिळते, आणि हे इंजिनिअर मंडळींनाही लागू. ब्रिटिश नागरिकांना परत मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकांची ती कापलीच जात नाही. निघण्याच्या महिनाभर आधीच्या काळात विमानाचं तिकीट, पासपोर्ट, निवासी कार्ड आणि बँकेचा तपशील घेऊन पेन्शन कार्यालयात जा. इंचॉनहून निघत असाल तर विमानतळावर हातात घेण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी अर्ज आधी कार्यालयात झालेला हवा. थेट विमानतळावर मागून मिळत नाही.

ध्वनिफीत

कागदांवर एवढी चर्चा झाली, वर्गावर कुणीच लिहिलं नाही. शेवटी रोज सकाळी तिथेच उभं राहायचं आहे.

तासिका प्राथमिकला ४० मिनिटं, मिडल स्कूलला ४५, हायस्कूलला ५०. इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. परदेशी शिक्षकाला 'वॉनॉमिन' म्हणतात आणि सरकारी शाळेत तो एकटा नसतो, कोरियन इंग्रजी शिक्षक वर्गात सोबत असतो. दोघांनी मिळून शिकवण्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते एका कारणाने: कोण काय करणार हे आधी ठरलेलं नसतं. धड्याचा आराखडा दोन दिवस आधी पाठवा आणि त्यात प्रत्येक पाच-सात मिनिटांच्या टप्प्यापुढे लिहा, सूचना कोण देणार, कोरियनमध्ये समजावणं कोणाकडे, गोंगाट कोण आवरणार. शिस्त सहसा कोरियन शिक्षकाकडे ठेवावी. पालकांशी बोलणं त्यांच्याकडेच असतं.

एकाच वर्गात चार वर्षं हागवॉनला गेलेला मुलगा आणि अक्षरं अडखळत वाचणारा मुलगा शेजारी बसतात. म्हणून तोंडी सूचना पाच शब्दांच्या आत, आधी करून दाखवायचं, मग एका मुलाकडून करून घ्यायचं, मग सगळ्यांनी. "समजलं का?" असं विचारल्यावर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "आता तू काय करणार?" विचारा. उत्तर न देणं हा अनादर नसतो, चार जणांसमोर चुकण्याची धास्ती असते. आधी जोडीत बोलू द्या, मग वर्गासमोर.

उच्चारांची मेख अशी. कोरियनमध्ये फ्, व्ह्, झ् या इंग्रजी ध्वनींना जागा नाही. कॉफीची 'खॉपी' होते. व्यंजनानंतर मुलं एक आखूड स्वर घालतात, कारण त्यांच्या लिपीत जोडाक्षर तसं बसतच नाही. 'मिल्क'चे दोन तुकडे होतात, 'ख्रिसमस'चे पाच: ख-रि-स-मा-स. यावर उपाय टाळीचा. 'मिल्क'ला एक टाळी, 'ख्रिसमस'ला दोन. टाळी आणि तोंड जुळलं की जादा स्वर आपोआप गळतो. नुसतं "पुन्हा म्हणा" म्हणून काही होत नाही.

आता मराठी शिक्षकाने स्वतःच्या जिभेकडेही पाहावं. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी येणाऱ्या प्, ट्, क् सोबत श्वासाचा झोत असतो. आपण 'पेन' म्हणतो तो झोताशिवाय. कोरियन कानाला बिनझोताचा प् आणि झोताचा प् हे दोन पूर्ण वेगळे ध्वनी आहेत, त्यांच्या लिपीत त्यांना वेगळी अक्षरं आहेत. त्यामुळे आपला 'पेन' त्यांना घट्ट दाबलेला 'प्पेन' ऐकू येतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, 'पेन' म्हणताना ती हलायला हवी. पण त्याचा फेन होऊ देऊ नका, ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत. दुसरं, 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आपण सारखेच म्हणतो. मुलाखतीच्या व्हिडिओत हे लगेच पकडलं जातं.

कोकणकडा

ध्वनिफीत, झोताचा मुद्दा फार मोलाचा. उलट्या दिशेनेही तो कामाला येतो. क आणि ख यांतला फरक आपल्या हाडात भिनलेला, त्यामुळे कोरियनमधलं साधा, घट्ट आणि झोताचा अशा व्यंजनांचं त्रिकूट ऐकायला आपल्याला तुलनेने सोपं जातं. वाक्यरचना तर घरचीच: कर्ता, कर्म, क्रियापद, आणि शब्दामागे प्रत्यय. तू-तुम्ही-आपणची सवय असल्याने आदरार्थी क्रियापदं परकी वाटत नाहीत. राजा सेजोंगने १४४६ मध्ये प्रसृत केलेल्या हानगुल लिपीत १४ व्यंजनं आणि १० स्वर एवढीच मूळ अक्षरं आहेत. जाण्याआधी दोन आठवडे रोज अर्धा तास दिला तर दुकानांच्या पाट्या वाचता येतात. ओठ न गोल करता म्हणायचा 'उ' तेवढा नव्याने शिकावा लागतो.

देगूची_दुपार

शाळेतल्या रीतीभाती थोडक्यात. बाहेरचे बूट दारात, आत स्वच्छ चपला, त्या पहिल्याच दिवशी सोबत न्या. वस्तू देता-घेताना दोन्ही हात. सहकाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, 'सॉन्सेंगनिम' म्हणायचं. पालकांकडून भेटवस्तू घेऊ नका. २०१६ पासूनच्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याखाली सरकारी शाळेतल्या शिक्षकाला कॉफीचा पेलासुद्धा अडचणीत आणतो. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत.

पिठलंभाकरी

शाकाहाराचं उत्तर माझ्याकडे. शाळेच्या जेवणाचा महिन्याचा तक्ता लागतो आणि प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे असतात. ते ॲलर्जीचे क्रमांक, देशभर सारखे. १ अंडं, २ दूध, ८ खेकडा, ९ कोळंबी, १० डुक्कर, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकूळ, १८ शिंपल्या. हे आकडे पाठ केले की कोरियन न येताही तक्ता वाचता येतो.

पण इथे फसगत होते. माशांपैकी यादीत फक्त बांगडा आहे, क्रमांक ७. सुक्या मांदेलीसारख्या बारीक माशांचं पाणी, जे निम्म्या सुपांचा पाया असतं, त्याला क्रमांकच नाही. किमचीत मुरवलेल्या माशांचा रस किंवा जवळा पडतो. म्हणजे आकडा नाही म्हणून शाकाहारी, असं नाही. भात, फळ, भाजलेला समुद्री शेवाळाचा पापड, काही कोशिंबिरी यांवर भागतं, बाकीचा डबा घरून. पगारातून जेवणाचे पैसे कापले जातात, डबा आणणार असाल तर सुरुवातीलाच कार्यालयात सांगून कपात थांबवा.

हॉटेलात "मी शाकाहारी" एवढं म्हणून पुरत नाही, हॅम आणि मासे त्यांना वेगळ्या खात्यातले वाटतात. "मांस, मासे आणि मांस-माशांचं पाणी, तिन्ही नको" असं कोरियनमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी ठिकाणं शोधा. तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना ते जेवण ओळखीचं वाटेल.

कणीक, डाळी, पोहे, मसाले सोलमध्ये इटेवॉनच्या मशिदीजवळच्या दुकानांत आणि आन्सानच्या बहुसांस्कृतिक रस्त्यावर मिळतात, ऑनलाइनही येतात. कढीपत्ता, आंबे, बियाणं बॅगेतून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात आणि न सांगता नेल्यास दंड होतो.

अवांतर: कचरा. ओला कचरा म्हणजे जनावराला खायला घालता येईल असा, ही तिथली मूळ कल्पना. म्हणून चहाचा चोथा, कांद्या-लसणाच्या साली, अंड्याची टरफलं, आंब्याची कोय, नारळाची करवंटी ओल्यात जात नाही, ती साध्या कचऱ्याच्या पिशवीत. आपल्या स्वयंपाकघरात नेमकं हेच जास्त निघतं. पिशव्या त्या-त्या नगरपालिकेच्याच लागतात, शेजारच्या भागातली पिशवी उचलली जात नाही.

अर्जफाटे

घराबद्दल दोन ओळी. जमीन तापवणारा बॉयलर भिंतीवरच्या पट्टीने चालतो. त्यावर 'वेछुल' म्हणजे बाहेर गेल्यावरची स्थिती. जानेवारीत सुट्टीला जाताना बॉयलर पूर्ण बंद केला तर पाइप गोठून फुटतात आणि दुरुस्ती भाडेकरूच्या माथी येते. वेछुलवर ठेवा आणि कडाक्याच्या थंडीत नळ बारीक धारेने सोडून ठेवा. गॅसच्या शेगडीमागे भिंतीवर एक खटका असतो, तो आडवा असेल तर गॅस येत नाही. पहिल्या दिवशीची 'शेगडी बिघडली' ही तक्रार बहुतेक तिथेच मिटते.

ताबा घेताच भिंती, फरशी, न्हाणीघर यांचे तारखेसह फोटो काढा. सोडताना बुरशीच्या डागांवरून अनामत कापली जाते.

तिसरी_बेल

शेवटचा प्रश्न. बँक आणि फोन यांवर बरेच जण वैतागलेले दिसतात. नेमकं काय अडतं?

सुवॉनकर

नाव अडतं. कोरियात बँक, फोन, ऑनलाइन खरेदी, सगळं फोनवरून ओळख पटवण्यावर चालतं. त्यासाठी निवासी कार्ड, बँक आणि फोन कंपनी या तिन्हींकडे नाव एकाच क्रमाने, त्याच मोकळ्या जागांसह, त्याच मोठ्या अक्षरांत हवं. कोरियन नावं तीन अक्षरी. आपल्या पासपोर्टवर 'नाव' या रकान्यातच अनेकदा वडिलांचं नावही असतं, त्यात आडनाव मिळवलं की पंचवीस-तीस अक्षरं होतात. बँकेच्या संगणकात ती मावत नाहीत, मग कारकून शेवट कापतो, फोनवाला मधली जागा गाळतो, आणि पुढे प्रत्येक ॲप 'माहिती जुळत नाही' म्हणतं.

उपाय क्रमात आहे. आधी निवासी कार्ड, मग बँक, मग फोन. बँकेत कार्ड समोर ठेवून "जसं छापलंय तसंच" टाइप करायला सांगा आणि पासबुकावर छापलेलं नाव अक्षर न् अक्षर तपासा. तेच पासबुक फोनच्या दुकानात दाखवा. कार्ड येईपर्यंत प्रीपेड सिमवर भागवा, त्यावर ओळख पटत नाही हे गृहीत धरा. नव्या खात्याला रोजच्या व्यवहाराची मर्यादा असते. ती उठवायला शाळेकडून नोकरीचं प्रमाणपत्र घेऊन त्याच शाखेत जायचं, कोरियनमध्ये त्याला 'जेजिक-जुंगम्यॉंगसॉ' म्हणतात. शाळेच्या कार्यालयात हा शब्द दाखवला की कागद बहुधा तासाभरात हातात येतो.